मदत हवी आहे: ट्रस्टमध्ये "२५ वर्षांचा झाल्यावरच" ही अट टिकते का?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. रामबागेत आमचं जुनं घर आहे, खाली दोन दुकानं भाड्याने दिलीयत, शिवाय बाबांच्या एफडी. बाबा ८१ चे, पण डोकं एकदम शाबूत, आणि आता त्यांनी ठरवलंय की नुसतं मृत्युपत्र नको, प्रायव्हेट ट्रस्ट करायचा (म्हणजे मालमत्ता ट्रस्टींनी सांभाळायची आणि फायदा ठरवलेल्या घरच्यांना), कारण धाकटा भाऊ ऑप्शन ट्रेडिंगमध्ये बराच पैसा घालवून बसलाय आणि त्याच्या हातात एकरकमी काही पडू नये असं बाबांना वाटतं (खरं सांगायचं तर भावजयीलाही).

अटी अशा: घर पिढ्यान्‌पिढ्या विकायचं नाही, भावाला भाड्यातून दरमहा ठरलेली रक्कम, आणि एफडी भाच्याला पण तो २५ चा आणि ग्रॅज्युएट झाल्यावर. भाचा आत्ता ११ वर्षांचा. ट्रस्टी मी आणि बाबांचे एक मित्र, ते ७८ चे, म्हणजे बघा! घर ट्रस्टमध्ये टाकायचं तर डीड (ट्रस्टचा दस्त) रजिस्टर करावी लागते एवढं कळलंय, पण या अटी चालतील का?

उत्तर: ताई, वयाची अट जपून लिहा. इंडियन ट्रस्ट्स ॲक्ट १८८२, कलम ५६ वाचा. पैसा एकट्या भाच्यासाठीच असेल तर सज्ञान झाल्यावर तो लगेच मागू शकतो, कायद्यातलं उदाहरणच २४ वर्षं थांबायला सांगितलेल्याचं आहे. म्हणून अट पुरी होईपर्यंत त्याचा हक्कच तयार होत नाही असं लिहा आणि नाही झाली तर रक्कम कोणाला जाणार तेही लिहा. भाचा आज हयात आहे म्हणून २५ चालेल, पण पुढे जन्मणाऱ्यांसाठी हयात माणसांचं आयुष्य आणि त्यानंतर त्या मुलाची १८ वर्षं, यापलीकडे हक्क लांबवता येत नाही, बाबांचं "पिढ्यान्‌पिढ्या" तिथेच अडकतं.

भावाचं जास्त अवघड आहे. ठरलेला हिस्सा दिलात तर टॅक्स त्याच्या स्लॅबने, पण कलम ५८ प्रमाणे तो आपला हक्क दुसऱ्याला देऊ शकतो. कधी किती द्यायचं हे ट्रस्टींच्या मर्जीवर ठेवलंत तर ते टळतं, पण टॅक्स साधारण कमाल दराने.

मूळ प्रश्नकर्ती: बापरे, धन्यवाद! बाबा म्हणतायत टॅक्स गेला तर जाऊ दे. पण मर्जी म्हणजे दर महिन्याला भावाला नाही म्हणायला मीच, राखी कशी बांधू हो त्याला? बँकेच्या ट्रस्टी कंपनीला कोणी नेमलंय का, एवढ्याशा मालमत्तेसाठी घेतात का ते आणि फी कशी लावतात?