पाळणाघरातून दोन्ही मुले काढताना किती दिवस आधी सांगावे?

प्रश्न

आम्ही प्रतापनगरला राहतो. माझी चार वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा गेल्या दीड वर्षापासून शेजारच्या गल्लीतील एका काकूंच्या घरगुती पाळणाघरात जातात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही बेसा परिसरात राहायला जाणार आहोत, कारण मुलीची शाळा तिकडेच असून ती विदर्भातील इतर शाळांप्रमाणे जूनच्या अखेरीस सुरू होईल. लेखी असे काहीच ठरलेले नाही. दोघांची मिळून ९,००० रुपये फी दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत देतो आणि सुरुवातीला तेवढेच डिपॉझिट दिले होते. काकूंकडे एकूण सहाच मुले असल्यामुळे आमची दोन गेली की त्यांचे एकतृतीयांश उत्पन्न एकदम थांबेल. आता एप्रिल संपत आला आहे. आत्ताच सांगावे, असे यजमानांचे म्हणणे आहे. लवकर सांगितले तर मुलांकडे दुर्लक्ष होईल, अशी भीती ऑफिसातील मैत्रीण घालते. शिवाय जूनची फी पूर्ण द्यावी की अर्धी?

प्रतिसाद १

आम्ही दोन वर्षांपूर्वी केवळ आठ दिवस आधी सांगितले. डिपॉझिट परत मिळाले नाही आणि आम्ही मागितलेही नाही, कारण आमच्या मुलाची जागा भरलेली आहे म्हणून त्या बाईंनी आदल्याच आठवड्यात एका कुटुंबाला नकार दिला होता, हे आम्हांला नंतर कळले. अजूनही रस्त्यात भेट झाली की अवघडल्यासारखे होते.

प्रतिसाद २

ताई, मी त्रिमूर्तीनगरला ११ वर्षांपासून पाळणाघर चालवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मुले कमी झाली तरी मदतनीस बाईचा पगार कमी होत नाही आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात सहा मुलांसाठी चालणारा कूलर चार मुलांसाठीही तेवढाच चालतो. महत्त्वाचे म्हणजे नव्या मुलांची विचारपूस एप्रिल-मेमध्ये सर्वाधिक होते, कारण बदल्या आणि घर बदलणे याच काळात असते. त्यामुळे आज सांगितलेत तर दोन्ही जागा भरण्याची शक्यता बरीच आहे, आणि हीच गोष्ट १ जूनला सांगितलीत तर आलेली कुटुंबे तोवर दुसरीकडे गेलेली असतील. एका मुलासाठी महिनाभराची नोटीस पुरते, पण दोन जागा एकदम रिकाम्या होत असतील तर दीड महिना मला जास्त वाटत नाही.

दुर्लक्षाची भीती मला तरी पटत नाही. आमच्याकडे नवीन मुले जाहिरातीने येत नाहीत, जुन्या पालकांच्या सांगण्यावरून येतात, आणि शेवटच्या महिन्यात मूल रडत घरी गेले तर तीच गोष्ट चार घरी पोहोचते. फक्त एक विनंती आहे: संध्याकाळी मुलांना न्यायला आल्यावर, दारात इतर पालक उभे असताना हा विषय काढू नका. रविवारी निवांत जाऊन बोला.

प्रतिसाद ३

भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे तोंडी करारही ग्राह्य असतो, मात्र नोटिशीचा कालावधी ठरलेलाच नसेल तर तो किती होता हे सिद्ध करणे दोन्ही बाजूंना कठीण जाते. म्हणून बोलणे झाल्यावर शेवटचा दिवस, जूनची फी आणि डिपॉझिटचा हिशेब व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून पाठवावा. एवढ्यासाठी वकिली भाषेची गरज नाही.

प्रतिसाद ४

इतर सर्व सल्ले योग्य आहेत, पण आधी बेशातील पाळणाघर पक्के करा. आम्ही इकडे सांगून बसलो आणि तिकडची जागा ऐनवेळी गेली. शेवटी तीन आठवडे सासूबाईंना अमरावतीहून बोलवावे लागले.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. बेशातील जागा शनिवारी आगाऊ रक्कम देऊन पक्की केली आणि रविवारी आम्ही दोघेही काकूंकडे जाऊन आलो. आम्ही २० जूनपर्यंतच मुले पाठवणार असलो तरी जूनची फी पूर्ण धरायची आणि ती डिपॉझिटमधून वळती करायची, असे ठरले. तसा मेसेजही पाठवला आहे. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या, मग मुलाची दुपारी झोपताना लागणारी गोधडी नव्या ठिकाणी न विसरता द्या, असे त्यांनी दोनदा बजावले. एका जागेसाठी त्यांच्याकडे विचारणा आलेली आहे. दुसऱ्या जागेसाठी प्रतापनगर परिसरात कोणी शोधात असेल तर मला कळवावे.