टिश्यू रोलचा टोटेम पोल (घरचा ग्रुप)

संजयकाका: कोणाकडे टिश्यू रोलच्या रिकाम्या नळ्या आहेत का 🙏 अवनीला शाळेतून टोटेम पोल करून आणायला सांगितलाय, सोबत एक कागद आलाय त्यात खांबाशेजारी तंबू आणि पिसांची टोपी, खाली लिहिलंय रेड इंडियन लोकांचा देव. ऋचा तू तिकडेच कॅनडात आहेस ना, सांग गं काहीतरी

ऋचा: काका थांबा, देव नाहीये तो!! पूजाबिजा कोणी करत नाही. इकडच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचे लोक, हैडा, त्लिंगित, सिमशियन वगैरे, ते लाल सेडर झाडाच्या खोडात हे खांब कोरतात, आणि त्यावरचे प्राणी म्हणजे त्या त्या घराण्याची चिन्हं, कोण कुठल्या कुळातलं आणि त्यांच्या गोष्टी. तंबू आणि पिसांची टोपी तर पार मधल्या गवताळ भागातल्या लोकांची, म्हणजे भांगड्याच्या चित्रात बाईला नऊवारी नेसवल्यासारखं झालं ते

आजी: म्हणजे आपल्या देवकासारखं का गं? देवक एक निघालं की सोयरीक मोडायची आमच्यात

ऋचा: आजी तू ग्रेट आहेस 😄 हैडांच्यात रेवन आणि ईगल अशा दोन पक्ष्यांच्या नावाच्या दोन बाजू असतात, रेवनवाल्याने रेवनवालीशी लग्न करायचं नाही असा नियम, आणि बाजू आईकडून मिळते, बापाकडून नाही

ओंकार: मग आमची पोरं आईच्याच पार्टीत, तसंही आत्ता तेच आहे

वैशालीवहिनी: भावोजी मुद्द्याचं ऐका, नुसत्या नळ्यांवर नळ्या चिकटवू नका, आमचा गेल्या वर्षीचा रात्रीत पिसाचा मनोरा झाला होता. जाड चार्टपेपरची घट्ट गुंडाळी करायची, नळीच्या आत बसेल एवढी, आणि नळ्या त्यात ओवायच्या. चित्र नळीवर काढायला जाऊ नका, पोरांचा ब्रश घसरतो आणि मग रडारड, आधी सपाट कागदावर काढून रंगवून वाळवून मग गुंडाळायचं. नळीला दोरा गुंडाळून घेर मोजा, आमच्या १४ सेंमी भरल्या होत्या म्हणून कागद १५ चा कापला, १ सेंमी डिंकाला. फेविकॉल सुकेपर्यंत कपड्याचे चिमटे. चोच आणि पंख पुठ्ठ्याचे, नळीला चिरा पाडून खोवायचे

संजयकाका: प्राणी कुठले घेऊ मग? गूगलवरचा गरुड छापून चिकटवतो

ऋचा: छापू नका ना, ती चिन्हं कोणाच्या तरी घराची असतात. अवनीला आपल्याच घरातलं काढू दे. पण ओळखायचं कसं ते सांगा तिला, तिला आवडेल: बीव्हरला (तो झाडं कुरतडणारा प्राणी) पुढचे दोन मोठ्ठे दात आणि शेपटीवर चौकटी, रेवनची चोच सरळ, ईगलची वाकडी. आम्ही व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कात हे खांब बघायला गेलो तेव्हा आमचा धाकटा प्रत्येक खांबापुढे उभा राहून नुसते दात शोधत होता. आणि हे पण सांगा की १८८५ पासून १९५१ पर्यंत पोटलॅचवरच कॅनडा सरकारची बंदी होती, म्हणजे खांब उभारताना जी जेवणावळ, मानपान, आहेर चालायचे तेच गुन्हा. १९२९ मध्ये निस्गा लोकांचा एक ११ मीटरचा खांब उचलून नेला तो एडिंबराच्या म्युझियममध्ये होता, २०२३ ला घरी परत आला

आजी: चौऱ्याण्णव वर्षांनी? बाई गं

आजी: रेवन म्हणजे कावळाच ना. कावळा घ्या मग, आजोबांच्या पिंडाला अर्धा तास ताटकळत ठेवलं होतं त्याने

ऋचा: डोमकावळ्याचा भाऊबंद. त्यांच्या गोष्टीत तो सूर्य चोरून आणतो म्हणून जगात उजेड आहे. भयंकर लबाड

ओंकार: कावळा, आजीची मनी, बाबांची स्कूटर

ऋचा: स्कूटर चालेल. फक्त सगळ्यात खाली कोण यावरून भांडण नको, खालचा म्हणजे कमी मानाचा असं नसतं, कधीकधी तोच मुख्य

संजयकाका: झाला!! 📷 खाली मनी, मध्ये स्कूटर, वर कावळा. डुगडुगत होता म्हणून बुडाला डबा लावून त्यात डाळ भरली

आजी: कुठली डाळ

संजयकाका: तूर

आजी: संजय आत्ताच्या आत्ता काढ. कुंडीतली वाळू भर