सीटीच्या रात्रपाळीत एकटं असताना झालेली चूक इन्चार्जना सांगावी का?

सीटी_हडपसर:
नमस्कार. सीटी टेक्निशियन आहे, नववं वर्ष. रात्री आठ ते सकाळी आठ मी एकटीच, मदतीला एक मावशी. परवा पहाटे तीनला कॅज्युअल्टीतून दोन शिंदे आले. एक सोलापूर रस्त्यावरच्या अपघातातले, डोक्याचं सीटी. दुसरे पोटदुखीचे. बाहेर नातेवाईक दार बडवत होते. मी ट्रॉलीवरच्या माणसाला विचारलं, "शिंदे ना?" ते हो म्हणाले. टेबलावर घेतलं, डोकं पट्ट्याने बांधलं, आणि स्काउट (स्कॅनआधीचं पहिलं चित्र) घ्यायच्या आधी मनगटावरचा टॅग दिसला. पोटदुखीचे शिंदे!

एक्सपोजर, म्हणजे किरणं, दिलं नव्हतं. तरी तेव्हापासून झोप नाही. रेडिएशनची भीती मला कधीच वाटली नाही. अंगावरचं रेडिएशन मोजणाऱ्या टीएलडी बॅजचा रिपोर्ट दर तीन महिन्यांनी येतो, वर्षाच्या २० मिलिसिव्हर्टच्या मर्यादेच्या जवळपासही आकडा गेलेला नाही. भीती या चुकीची आहे. सांगितलं तर मेमो मिळेल का?

डार्करूमवाले काका:
ताई, लेखी द्याच. वेळ आणि त्या रात्री किती स्कॅन झाले तेही लिहा. मी ३१ वर्षं एक्स-रेत काढली. "शिंदे ना?" असं विचारूच नये, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं. बेशुद्ध असेल तर टॅगवरचा नंबर कागदाशी ताडायचा.

एमआरआय_कोथरूड:
दार बडवण्याचं अगदी पटलं. आमच्या एमआरआय मशीनचं चुंबक बंद कधीच नसतं, लोखंड आत खेचतं. २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजन सिलिंडरसकट आत गेलेला तरुण दगावला, तेव्हापासून माझा एक डोळा दारावरच असतो. रात्री दाराशी सुरक्षारक्षक हवाच, हेही त्या अर्जात घाला.

रेडिओलॉजिस्ट, औंध:
शंका आली की रात्री डॉक्टरला उठवा. मला उठवलं म्हणून मी कुणावर चिडणार नाही. आणि झोपेचं अंगावर काढू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

सीटी_हडपसर:
आज ड्यूटी सुटताना अर्ज दिला. सरांनी उभ्याउभ्याच वाचला आणि दुसरा माणूस वर मागतो म्हणाले. मेमोचं काही बोलले नाहीत. काका, काल रात्री प्रत्येकाला पूर्ण नाव विचारलं. एका आजोबांनी इंदापूरच्या वाडीसकट सांगितलं, मी सगळं ऐकून घेतलं.