स्वतंत्र वीज उत्पादक वीज विकतात कोणाला?

प्रश्न: सौर प्रकल्पाच्या कंट्रोल रूममध्ये नुकतीच नोकरी लागलीय. कंपनीकडे ना स्वतःच्या तारा, ना घरगुती ग्राहक. मग वीज घेतं कोण?

उत्तर: वितरण कंपनी, नाहीतर थेट एखादा कारखाना, बहुतेकदा २०-२५ वर्षांच्या करारावर. इंधनाचा खर्च शून्य, पण भांडवल आधीच ओतायचं. करार बघूनच बँक कर्ज देते. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने वीज कंपन्यांना अशा छोट्या उत्पादकांची वीज घेणं भाग पडलं, तिथून वाट मोकळी झाली.

दुसरं उत्तर: कपातीचं सांगा की त्यांना! मी पवनचक्क्या सांभाळतो. वारा झकास सुटलेला आणि ग्रीडवरून, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं सांभाळणाऱ्यांकडून, फोन, उत्पादन कमी करा. पाती कडेने वळवून यंत्र नुसतं उभं ठेवायचं. जिवावर येतं.

प्रश्नकर्ता: अच्छा! म्हणजे कपातच होती ती! काल भर दुपारी स्क्रीनवरची उत्पादनाची रेषा एकदम सपाट झाली. मी बिघाड समजून इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) तपासत बसलो होतो.