नमतं घेणं आणि नाद सोडणं
एका भाऊनं लिहिलंय की इंग्रजीतल्या गिव्ह इन आणि गिव्ह अप दोन्हीचा अर्थ हार मानणं, एकच धरा. अर्धं पटलं. पण गिव्ह अपमधे आपण स्वतःच नाद सोडतो, समोर कुणी असायलाच पायजे असं नाही, तंबाखू सोडली तरी गिव्ह अपच. गिव्ह इनला मात्र समोरून कुणीतरी रेटा लावलेला असतो आणि आपण कुरकुरत का होईना नमतं घेतो, म्हणून त्याच्यामागं 'टू' येतं, कुणापुढं नमलो ते सांगायला. आमच्याकडं परभणीला बैलबाजारात तासभर घासाघीस झाल्यावर विकणारा म्हणतो ना "बरं, तुमचंच खरं, न्या", ते पक्कं गिव्ह इन. आणि वैतागून बैल घेऊन घरी निघाला तर गिव्ह अप.

तिसरा भाऊ राहिलाच, गिव्ह वे. विहिरीचा काठ पावसात ढासळला तर इंग्रजीत तो गिव्ह वे होतो, तिथं गिव्ह इन सहसा चालत नाही. रस्त्यावर उलट्या त्रिकोणाची पाटी असती, तिचं नावपण गिव्ह वे, म्हणजे आधी दुसऱ्याला जाऊ द्या (आपल्याकडं तिच्याकडं कोण बघतंय म्हणा). अमेरिकेत त्याच पाटीवर यील्ड लिहितात, आणि यील्ड म्हणजे एकरी उतारापण, त्यामुळं मी पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा वाटलं कापसाची जाहिरात हाय का काय. आणखी एक, ब्रिटिश इंग्रजीत वही सरांकडं जमा करायलापण गिव्ह इनच म्हणतात, तिथं नमायचा काही संबंध नाही.