५० एमएम लेन्स घेऊनही चेहरा भुरकट का येतोय?

मधुरा_डोंबिवली
ताईच्या स्थळासाठी घरीच फोटो काढतेय. निकॉन डी५६००, ५० एमएम १.८ लेन्स. संध्याकाळी हॉलमध्ये, ट्यूब आणि शोकेसवरचा पिवळा दिवा लावून. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं (एफ/१.८), शटर १/६० सेकंद, आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ८००. दोन फोटो इथे टाकलेत. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसतो, लॅपटॉपवर उघडला की चेहरा भुरकट. शिवाय एक गाल निळसर, दुसरा पिवळट. लेन्स खराब निघाली का? आई सारखी स्टुडिओत चला म्हणतेय.

जुना_स्टुडिओवाला
लेन्सला दोष देऊ नका. तुम्ही टाकलेला दुसरा फोटो पूर्ण मोठा करून बघा. नथीचे मोती एकेक मोजता येतात, पापण्या मात्र पुसल्यासारख्या. लेन्स बिघडली असती तर मोतीही असे दिसले नसते.

फोकस कुठे धरायचा (फोकस एरिया) ते ऑटोवर, म्हणजे कॅमेऱ्यावरच सोडलेलं असणार. मग कॅमेरा बहुतेक वेळा सगळ्यात पुढची, चमकणारी वस्तू धरतो. सव्वा मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम ४ सेंमी जाडीचा पट्टाच स्पष्ट येतो, तोही फोकसच्या थोडा पुढे, थोडा मागे. डोळे नथीच्या मागे, म्हणजे गेलेच. सिंगल पॉइंट लावा, तो ठिपका जवळच्या डोळ्यावर ठेवा आणि लेन्सचं तोंड लहान करून एफ/४ करा. तेवढ्याच अंतरावर ९ सेंमी मिळतात. पाठीमागचा शोकेस थोडा ओळखू येईल, येऊ दे. नाहीतर ताईंना भिंतीपासून पुढे बसवा.

गालांचं म्हणाल तर दोन दिव्यांचे रंग वेगळे, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगजुळणी) एकालाच सांभाळणार. दोन्ही बंद करा. सकाळी खिडकीला पांढरा पातळ पडदा लावून ताईंना बाजूला बसवा. हिरव्या पैठणीची झाक हनुवटीखाली येईल, त्याला मात्र इलाज नाही. मला ती आवडते.

पिक्सेल_पंढरी
मध्यस्थांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून बारीक करतं, मग एवढी मेहनत पाण्यात.

मधुरा_डोंबिवली
सिंगल पॉइंटने नथीचा घोळ मिटला, डोळे आले! पण एफ/४ ला शटर १/३० वर जातोय. व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) असलेली लेन्स घ्यावी का?

जुना_स्टुडिओवाला
व्हीआर तुमचा हात सावरेल, ताईंची मान नाही. "हास ना गं" म्हटलं की माणूस हलतोच. शटर १/२०० धरा, आयएसओ १६०० पर्यंत बिनधास्त जाऊ द्या. थोडे दाणे दिसले तर चालतात, हललेला डोळा कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट होत नाही. आणि तरीही अंधारं आलं, तर खिडकीच्या समोरच्या बाजूला आईंना पांढरी चादर धरून उभं करा. स्टुडिओचा विषय तिथेच संपेल.