रोश हशनासाठी चिकाचा हलवा: प्रमाण सांगा ना कुणीतरी

मीरा_ठाणे:
यंदा रोश हशनाचा, म्हणजे आम्हा ज्यूंच्या नववर्षाचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. सासूबाई इस्रायलला, अश्दोदला नणंदेकडे. मटण जमतं, गोडाचं अडलंय. आमच्या धर्मात मटणाच्या जेवणावर दुधाचं चालत नाही, म्हणजे खीर-बासुंदी बाद. सासूबाईंसारखा गव्हाच्या चिकाचा हलवा करायचाय, पण प्रमाण विचारलं की फोनवर एकच उत्तर, "अंदाजाने घालायचं गं."

खवय्या_पुणे:
मलिदा करा की! भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा. गॅससुद्धा पेटवायला नको.

कोकणातली_सारा:
मलिदा एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने, नवस फेडताना नाहीतर शुभकार्याला. रोश हशनाला हलवाच हवा.

मीरा, कुरडयांना काढतात तोच गव्हाचा चीक. गहू तीन दिवस भिजव, पाणी रोज बदल. वाटून, गाळून रात्रभर ठेव आणि सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाक. वाटीभर दाट चिकाला चार वाट्या नारळाचं दूध, दीड वाटी साखर, चिमूटभर मीठ. सगळं गार असतानाच कालवून मग गॅसवर चढव, नाहीतर गुठळ्या होतात. बराच वेळ नुसतं पातळ पाणी दिसतं, मग एकदम घट्ट होतं. बहुतेक जणी तिथेच गॅस बंद करतात आणि हलवा कच्चट लागतो. कडेने तेल सुटेपर्यंत ढवळत राहायचं, तासभर तरी. थेंबभर ताटलीत टाक. गार झाल्यावर बोटाला चिकटला नाही की उतरव. गुलाबी रंग, वेलची, वरून बदाम-पिस्ते. आणि थाळ्याला तूप नको हं, तेही दुधाचंच! खायचं खोबरेल लाव.

अलिबागकर:
घाई असेल तर चायना ग्रास आणि नारळाचं दूध. वड्या सुबक पडतात, पण चिकाची चव माहीत असलेल्याला ती जेलीच.

मीरा_ठाणे:
ताई, तुपाचं बरं सांगितलंत. हाच हलवा पेसाहच्या सणाला केला तर?

कोकणातली_सारा:
अगं, तीन दिवस भिजलेला गहू, तोही पेसाहला, आंबलेलं धान्य चालत नाही तेव्हा? तेव्हा खजूर उकडायचा, गाळायचा आणि रस आटवून मात्झाबरोबर, म्हणजे बिनखमिराच्या रोटीबरोबर खायचा. पुरीमच्या सणाला पुरणपोळी कर हवं तर, फक्त जेवणात मटण असेल तर तेलावर भाज.

मीरा_ठाणे:
आणि चीक उरला तर?

कोकणातली_सारा:
कुरडया या हवेत वाळायच्या नाहीत. हिंग-मीठ घालून शिजव आणि गरम गरम, वर तेल घालून खा.